दांडिया बाजारातला पार्लरचा क्लास: तासांची वही ठेवणारा

बडोद्यात पार्लरच्या क्लासची चौकशी करायला गेलं की आधी फोटो दाखवतात. पानेतरातली (गुजराती लग्नसाडीतली) नवरी, नऊवारीतली नवरी, रिसेप्शनच्या गाउनमधली नवरी. मग किटची बॅग उघडतात, मग फी सांगतात, आणि काय शिकवणार ते सगळ्यात शेवटी. भाचीसाठी मी मांजलपूर, कारेलीबाग, अलकापुरी, रावपुरा असे सगळीकडचे क्लास पाहिले आणि तिला घातलं दांडिया बाजारातल्या एका क्लासात. तिचे सहा महिने नुकतेच पूर्ण झाले. माझं स्वतःचं पार्लर मांजलपूरला आहे, मुलं लहान होती तेव्हापासून चालवते. त्यामुळे हे मत मावशीचं आहे आणि त्याच धंद्यातल्या बाईचंही.

क्लासचं नाव लिहीत नाही, कारण बाईंनीच तसं सांगितलंय. बॅच आठ मुलींची असते आणि ती वाढवायची त्यांची इच्छा नाही. दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांतून चौकशी केली तर पत्ता मिळतो.

सगळीकडे मी एकच विचारलं: एकूण किती तास शिकवता, आणि त्यातले किती तास मुलीचा स्वतःचा हात चालतो? बहुतेकांनी उत्तर महिन्यांत दिलं. तीन महिन्यांचा बेसिक, सहा महिन्यांचा ॲडव्हान्स, वर्षाचा मास्टर. एके ठिकाणी तर ‘मुलगी हुशार असेल तर दोन महिन्यांत तयार करून देऊ’ म्हणाले. दांडिया बाजारच्या बाईंनी कपाटातून आधीच्या बॅचची वही काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. जाड पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारीला असते तसली लांब वही. प्रत्येक मुलीची वेगळी पानं. तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, आणि पुढे त्या दिवशी काय केलं ते: ‘थ्रेडिंग, स्वतःच्या पायावर, १ तास’, ‘हत्यारं धुणं आणि निर्जंतुक करणं, ३० मिनिटं’, ‘मॉडेल, अप्पर लिप, बाईंच्या देखरेखीखाली’. शेवटी बाईंची सही. एका ओळीसमोर लाल शाईत लिहिलं होतं: ‘उजव्या भुवईचा कोपरा जास्त गेला, पुन्हा करणे.’ ती ओळ वाचली आणि भाचीला इथेच घालायचं हे माझं ठरलं.

रोज तीन तास, आठवड्याचे सहा दिवस, सहा महिने. सणवार वजा करून सव्वाचारशेच्या आसपास तास भरतात. हे तास मी एवढे लावून का धरते, ते सांगते.

आपल्याकडे ब्युटीशियन म्हणून काम करायला राज्य सरकारचा परवाना लागत नाही. गुजरातेत दुकान थाटलं की गुमास्ताधाराखाली, म्हणजे दुकानांच्या कायद्याखाली नोंद करतात, महानगरपालिकेचा व्यवसायवेरा (व्यवसाय कर) भरतात, झालं. त्या कागदावर दुकानाचा पत्ता असतो. आत कातरी धरणारीला काय येतं, हे त्यात कुठेच विचारलेलं नसतं. उद्या कोणी दोन दिवस व्हिडिओ बघून गल्लीत ‘हर्बल ब्युटी पार्लर’चा बोर्ड लावला, तर तिला अडवणारं कोणी नाही. मग मुलीला काय येतं याचा पुरावा उरतो तो क्लासच्या कागदाचा, आणि बहुतेक क्लासच्या कागदावर सोनेरी किनार, मोठी सही आणि ‘यशस्वीरीत्या पूर्ण केला’ एवढंच असतं.

अमेरिकेत हेच काम करायचं तर प्रत्येक राज्याचं वेगळं बोर्ड आहे आणि ते तास मोजतं. बडोद्यात हा विषय घरोघरी निघतो, कारण निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी तिकडे आहे. माझ्याकडे हात बसलेली एक मुलगी लग्न होऊन न्यू जर्सीतल्या एडिसनला गेली. इथे ती माझ्यापेक्षा भराभर आयब्रो करायची. तिथे गेल्यावर कळलं की केसांसकट सगळं काम करायचं लायसन्स हवं असेल तर १,२०० तासांचं प्रशिक्षण लागतं, नुसत्या त्वचेच्या कामाला ६०० तास, आणि मग परीक्षा. न्यूयॉर्कमध्ये कॉस्मेटॉलॉजीला, म्हणजे याच सगळ्या कामाला, १,००० तास आहेत. कॅलिफोर्नियात आधी १,६०० होते, ते २०२२ पासून १,००० केले. राज्य बदललं की आकडा बदलतो. परदेशात शिकलेल्या मुलींचे तास काही राज्यांची बोर्डं तपासून धरतात, पण त्यासाठी कुठे, कधी, कोणता विषय किती तास शिकलात याचा तपशीलवार दाखला लागतो. तिच्याजवळ तसा कागद नव्हता. तिने तिथे पहिल्यापासून शाळा केली.

म्हणून एका मोठ्या क्लासमध्ये ‘इंटरनॅशनल डिप्लोमा, यूएसए-कॅनडात मान्य’ असं रंगवलेलं दिसलं तेव्हा मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, ‘कुठल्या राज्यात मान्य?’ ती आत विचारायला गेली. आतून निरोप आला, ‘सगळीकडे.’ सगळीकडे मान्य असं काही नसतं. मुलीला परदेशात द्यायचंय म्हणून हजारोंनी जास्त फी भरणाऱ्या आया मला रोज भेटतात. त्यांनी हा एक प्रश्न तिथेच, काउंटरवर विचारावा.

आता कोणी म्हणेल, मग जितके तास जास्त तितका क्लास चांगला. तसंही नाही, आणि याचं फार चांगलं उदाहरण आपल्याच थ्रेडिंगचं आहे. टेक्सासमध्ये थ्रेडिंग करणाऱ्यांना ७५० तासांचं प्रशिक्षण घेऊन लायसन्स काढायची सक्ती होती. आशिष पटेल आणि इतर काही जण त्याविरुद्ध कोर्टात गेले. जून २०१५ मध्ये टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या ७५० तासांपैकी जवळजवळ ३२० तासांचा थ्रेडिंगच्या कामाशी किंवा त्यातल्या सुरक्षिततेशी संबंधच नव्हता. दोऱ्याने भुवया करणाऱ्या बाईने तिला कधी न लागणाऱ्या गोष्टी शेकडो तास, स्वतःच्या खर्चाने शिकायच्या, हा जुलूम होता आणि कोर्टाने तो थांबवला याचा मला मनापासून आनंद आहे. तास हवेत, पण हाताने जे काम करायचं त्याचे आणि समोरच्या बाईला इजा होऊ नये याचे हवेत.

या क्लासमध्ये मला जे सगळ्यात आवडलं ते इथेच. पहिले तीन आठवडे मुलींना फेशियल नाही, मेकअप नाही. हात धुणं, हत्यारं, त्वचेचे थर, केसाचं मूळ, आणि दोरा. भाची पहिल्या आठवड्यात रडवेली होऊन घरी यायची, ‘मावशी, अजून नुसते चिमटे धुतोय’ म्हणून. मी तिला म्हटलं, धुवू दे.

चिमटे धुण्याची त्यांची पद्धत सांगते, कारण बऱ्याच पार्लरांत ती उलटी असते. आधी साबण आणि ब्रशने घासून धुवायचं, मग कोरडं करायचं, मगच जंतुनाशकात पूर्ण बुडवून डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत ठेवायचं. घाण तशीच ठेवून औषधात टाकलं तर औषध घाणीवरच खर्ची पडतं. धातूच्या हत्यारांसाठी त्यांच्याकडे वाफेने जंतू मारणारा, कुकरसारखा छोटा ऑटोक्लेव्ह आहे, १२१ अंशांवर पंधरा मिनिटं. निळ्या दिव्याची पेटीही आहे, पण बाई स्पष्ट सांगतात की ती स्वच्छ झालेली हत्यारं ठेवायची जागा आहे, त्यात घाणेरडा चिमटा घातला तर घाणेरडाच बाहेर येतो. शहरातल्या कितीतरी पार्लरांत त्या निळ्या दिव्यावरच सगळी भिस्त असते. ब्लेड एकीचं दुसरीला नाही, आणि वापरलेलं ब्लेड पुठ्ठ्याच्या नव्हे तर जाड प्लॅस्टिकच्या डब्यात. हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात, आणि हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलेलं असतं.

दोऱ्याचं तर वेगळंच. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या दोऱ्याचं टोक दातात धरून थ्रेडिंग करतात. मीही तशीच शिकले, हजारो भुवया तशा केल्यात. या क्लासमध्ये दातात दोरा धरायला सक्त मनाई आहे. दोरा गळ्यात सैल वेढा घालून त्याला बांधायचा, नाहीतर दोन्ही हातांच्या बोटांत फास करून पेलायचा. थुंकीचा दोरा दुसऱ्याच्या त्वचेवर, तीही नुकती ओढलेली, छिद्रं उघडी असलेली त्वचा, हे मुळातच चुकीचं आहे. पुटकुळ्या आणि चामखिळी तिथूनच जाऊ शकतात. हातातल्या फासावर वेग यायला जास्त दिवस लागतात. भाचीच्या दोन्ही पिंढऱ्यांवर महिनाभर सरावाचे पट्टे होते. आता तिचा दोरा बघावा: डावा अंगठा उघडतो, उजवा मिटतो, फास कपाळाकडून नाकाकडे एका सरळ रेषेत जातो आणि खालचा केस एकटा निघतो, त्वचा चिमटत नाही. ओढायच्या आधी ती ग्राहकाला स्वतःच्या दोन बोटांनी पापणी ताणून धरायला लावते आणि तेवढा वेळ गप्प थांबते. ही घाई न करणं तिला क्लासने दिलंय.

दुसरी गोष्ट म्हणजे कार्ड. मॉडेल आली की आधी कार्ड भरायचं: कुठली गोळी चालू आहे का, मुरुमांचा उपचार चालू आहे का, मधुमेह, गरोदरपण, कुठल्या गोष्टीची ॲलर्जी. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्या मुलीचं वॅक्सिंग करायचं नाही, कारण पट्टीबरोबर कातडी सुटून येते. नवरात्राच्या आधी बडोद्यात पाठीच्या वॅक्सिंगला रांग लागते, चनियाचोळीची पाठ मोकळी असते म्हणून, आणि नेमक्या त्याच वयाच्या मुली मुरुमांच्या गोळ्या घेत असतात. हे विचारणाऱ्या पार्लरवाल्या शहरात किती असतील? केसांच्या रंगाचंही तसंच. पीपीडी हे रसायन असलेल्या डायच्या वेष्टनावर आधी थोडासा लावून बघा आणि भुवयांना-पापण्यांना लावू नका, डोळे जाऊ शकतात, ही सूचना कायद्याने छापावी लागते. इथे मुलींकडून ती मोठ्याने वाचून घेतात. कानामागे लावायचं, ४८ तास वाट बघायची. लग्नाच्या आदल्या दिवशी रंग लावायला आलेल्या बाईला नाही म्हणायचं, हे सुद्धा शिकवतात, आणि ते नाही म्हणण्याचं वाक्य बाई घोटून घेतात: ‘ताई, आज टेस्ट लावते, रंग परवा.’

उणिवा आहेत, आणि त्या बाईंनाही मी तोंडावर सांगितल्या आहेत. केसांचं काम कच्चं आहे. कट चार-पाच प्रकारचे येतात, पण स्मूदनिंग आणि केराटिन नुसतं दाखवून सोडून देतात. आज पार्लरचं भाडं याच कामांवर निघतं. ब्रायडल मेकअप शेवटच्या महिन्यात उरकतात. खोपा आणि आंबाडा सुरेख शिकवतात, नऊवारीच्या नवरीचा हात मुलींना चांगला येतो, पण पानेतराच्या गुजराती नवरीला लागणारी केशरचना एकच शिकवली. बडोद्यात धंदा करायचा तर हे चालणार नाही. नोट्स गुजरातीत आहेत, मराठी शाळेत शिकलेल्या मुलींना सुरुवातीला जड जातं. बाई समजावून मराठीतच सांगतात हे खरं. खोली छोटी आहे आणि वॅक्स गरम होत असलं की घामाने जीव जातो. खिडकी एकच. एक्झॉस्ट फॅन बसवायलाच हवा. डाय आणि ब्लीचचा वास घशात बसतो.

फी सत्तावीस हजार, त्यात किट नाही. किट बाहेरून घ्या असं त्या स्वतः सांगतात आणि चिठ्ठी देतात. खंडेराव मार्केटच्या बाजूच्या दुकानांतून आम्ही घेतलं, क्लासवाल्यांच्या तयार किटच्या निम्म्याहून कमी पैशांत बसलं.

आता प्रमाणपत्राचं. क्लासचं स्वतःचं जे मिळतं ते क्लासचं आहे, सरकारी नाही, आणि बाई तसं पहिल्याच भेटीत सांगतात. याबद्दल त्यांना पैकीच्या पैकी. सोबत तासांच्या वहीची विषयवार बेरीज करून सहीशिक्क्याचा कागद देतात, तो मला सोनेरी किनारीच्या कागदापेक्षा जास्त मोलाचा वाटतो. त्यापुढे ज्या मुलींना हवं त्यांना बाई ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिल या देशपातळीवरच्या संस्थेच्या परीक्षेला बसायला सांगतात. त्यात कौशल्याचे स्तर आहेत: असिस्टंट ब्युटी थेरपिस्ट हा तिसरा स्तर, ब्युटी थेरपिस्ट चौथा. परीक्षा घ्यायला बाहेरचा परीक्षक येतो, आपल्याच क्लासची बाई आपल्याच मुलीला पास करत नाही, हा मोठा फरक आहे. माझ्यासारख्या जुन्या, कागद नसलेल्या पार्लरवाल्यांसाठी आधीच्या अनुभवाची तपासणी करून प्रमाणपत्र देण्याचीही सोय या व्यवस्थेत आहे. मांजलपूरच्या माझ्या मैत्रिणींना मी ते करायला सांगतेच आहे.

आणि खरं सांगायचं तर घरची परिस्थिती वर्षभर थांबण्याजोगी असेल आणि मुलगी दहावी पास असेल, तर आधी आयटीआयच्या कॉस्मेटॉलॉजी ट्रेडचा फॉर्म भरा. वर्षाचा कोर्स, सरकारी संस्थेत फी खासगी क्लासच्या मानाने अगदी कमी, आणि शेवटी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, जे देशात कुठेही दाखवता येतं. अभ्यासक्रम भारत स्किल्स या सरकारी पोर्टलवर कोणालाही फुकट बघता येतो. तो उघडून बसा आणि तुम्ही बघत असलेल्या खासगी क्लासचं पत्रक शेजारी ठेवा. काय गाळलंय ते पाच मिनिटांत दिसतं. आम्हाला आयटीआय जमलं नाही, कारण भाचीचं बी.कॉम. चालू आहे आणि तिला सकाळचेच तीन तास मोकळे होते. मराठी घरांत अजूनही ‘आयटीआय म्हणजे फिटर-वेल्डर’ असं धरून मुलींना तिकडे पाठवत नाहीत. पाठवायला हवं.

घरात चर्चा चालली होती तेव्हा माझे दीर म्हणाले, परवाना नसलेलाच बरा, परवाना आला की तो देणारे खुर्चीत बसतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मुंबईच्या सिनेमाधंद्यात मेकअपचं कार्ड संघटना द्यायची आणि बायकांना मेकअप आर्टिस्ट म्हणून कार्डच देत नव्हती. बायकांनी केस करायचे, चेहरा पुरुषांनी रंगवायचा. चारू खुराना सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या तेव्हा नोव्हेंबर २०१४ मध्ये तो नियम रद्द झाला. शिकलेल्या बाईला नुसती बाई म्हणून अडवायचं, असला परवाना मला नकोच. मला हवंय ते एवढंच की चेहऱ्याला हात लावणाऱ्या मुलीला हत्यार कसं धुवायचं आणि कोणाला नाही म्हणायचं हे येत असावं, आणि ते येतं याचा कागद बघता यावा. सरकार जोवर ते विचारत नाही तोवर क्लास निवडणाऱ्या आई-मावशीने विचारायचं आणि पार्लरच्या खुर्चीत बसणाऱ्या बाईने विचारायचं.

कोणाला पाठवावं? जिला शिकून स्वतःचं छोटं पार्लर काढायचंय किंवा चांगल्या सलोनमध्ये स्किनच्या कामाला लागायचंय, तिला डोळे मिटून पाठवा. जिला फक्त ब्रायडल मेकअप करायचाय तिने दुसरीकडे बघावं, इथे तिचे पहिले तीन महिने तळमळण्यात जातील. केसांचं पुढचं काम शिकायला भाचीला आता आम्ही वेगळ्या ठिकाणी दोन महिने घालणार आहोत, आणि तिथेही वही मागणार आहोत.

बॅच सकाळी साडेनऊ ते साडेबारा. नवरात्रात क्लास पूर्ण बंद असतो, कारण बाईंचं स्वतःचं पार्लर तेव्हा भरलेलं असतं. त्या दिवसांची फी कापत नाहीत, तास पुढे भरून देतात. दुचाकी लावायला जागा नाही, चालत या. मॉडेल म्हणून जायचं असेल तर बुधवारी आणि शनिवारी अकरानंतर घेतात, थ्रेडिंगचे पैसे लागत नाहीत, फक्त कार्ड खरं भरा.